गाडीचा डावा स्पीकर

जुन्या गाडीतला एखादा स्पीकर बंद पडला, तर त्याची तक्रार कुणी लगेच करत नाही. इंजिन सुरू होते, ब्रेक लागतात, बाकीचे स्पीकर वाजत असतात. फक्त आवाज एका बाजूला झुकतो. माणूस आवाज थोडा वाढवतो, आणखी थोडा वाढवतो आणि सवय करून घेतो. आमच्या गाडीचा पुढचा डावा स्पीकर किती महिने मुका होता, हे घरात कुणालाच सांगता येत नाही ते यामुळेच.

गाडी 2008 सालची आहे. नंबर एमएच 04, म्हणजे ठाण्याचा. तेव्हा पालघर जिल्हा व्हायचा होता, तो 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत जाऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. नवी गाडी घ्या असे सांगणारे पुष्कळ भेटले. पैसे देणारे कुणी भेटले नाही. होळीहून वसई रोड स्टेशन, सोपाऱ्याला खालाचे घर, अम्मीचा दवाखाना, एखाद्या लग्नाला भिवंडी, एवढे तिचे जग. तेवढ्यासाठी ती अजून धडधाकट आहे.

पूर्वी गाडी अब्बा चालवत. गुडघे दुखू लागल्यापासून मी चालवते आणि अब्बा माझ्या डावीकडे बसतात. मागे अम्मी. पापडीपर्यंत पोहोचायच्या आत अब्बा दोनदा म्हणायचे, "आवाज वाढव गं." मी वाढवला की मागून अम्मी ओरडायची, कारण मागचे दोन्ही स्पीकर तिच्या डोक्यामागच्या फळीवर आहेत. अब्बांना ऐकू येईल इतका आवाज म्हणजे अम्मीचे डोके दुखेल इतका आवाज. यावर घरात तीन मते होती. भाईजान म्हणे, स्पीकर गेला. अम्मी म्हणे, यांचा कान गेला. आणि अब्बा म्हणत, हल्लीच्या टेपमध्ये दमच नाही.

अब्बांनी असे म्हणणे आम्हाला जड जाई, कारण त्यांचे आयुष्य याच कामात गेले. होळीच्या बाजारात त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. दुकान कसले, जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, मागच्या फळीवर गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेले मर्फी आणि फिलिप्सचे सेट. पुढे टेपरेकॉर्डर आले, मग गाड्यांचे टेप. सुटे भाग आणायला ते लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जात आणि कंडेन्सर, बेल्ट, टीबीए 810 नावाच्या आयसी असे पिशवीभर घेऊन परतत. त्या काळच्या कितीतरी देशी सेटमध्ये आवाज मोठा करायचे काम हीच आयसी करायची.

लहानपणी मला वाटे की रेडिओ अब्बांना स्वतःच आपले दुखणे सांगतो. त्यांची रीत खरे तर साधी होती. मुका सेट आला की ते शेवटच्या टोकापासून सुरुवात करत. आधी स्पीकरच्या दोन टोकांना काट्याचा मीटर लावायचा. त्या मीटरमध्ये सेल असतो, त्यामुळे स्पीकर जिवंत असेल तर 'कर्र' असा आवाज येतो. मग व्हॉल्यूमच्या मधल्या पिनला पेचकस टेकवून त्याच्या पात्याला बोट लावायचे. 'घूं' वाजले की तिथपासून स्पीकरपर्यंत सगळे ठीक. (हे सेलवरच्या सेटचे. जुन्या व्हॉल्वच्या रेडिओत असे बोट घालणारा माणूस पुन्हा बोट घालायला उरला नसता, असे अब्बा सांगत.) अशी एकेक पायरी मागे जायची. ज्या पायरीवर आवाज येत नाही, तिच्यात आणि आधीच्या पायरीत दोष. गिऱ्हाईक म्हणे, रेडिओ गेला. अब्बा म्हणत, "सगळा रेडिओ कधी जात नाही हो. बसा, चहा घ्या."

हेच अब्बा कान तपासायचा विषय निघाला की उठून जात. दोन वर्षे हे चालले होते. "रेडिओवाल्याचा कान आहे, जाईल कुठं?" फोनवर बोलताना त्यांनी फोन डाव्या कानावरून उजव्या कानाला नेलेला मी पाहिला. मशिदीत ते मागच्या सफेतून पहिल्या सफेत, इमामसाहेबांच्या जवळ जाऊन बसू लागले. अम्मीला त्याचे फार कौतुक वाटले होते.

गाडीकडे परत येते. भाईजानने ती हायवेजवळच्या एका दुकानात दाखवली. तिथल्या मुलाने दारही उघडले नाही. "स्पीकरची जोडी बदलावी लागेल, साडेतीन हजार. टेप पण जुना झाला, स्क्रीनवाला लावून देतो." घरी येऊन भाईजानने हे सांगितल्यावर अब्बांना राग आला. पैशांचा नव्हे, रीतीचा. "न तपासता?" एवढेच म्हणाले. रविवारी सकाळी त्यांनी कपाटातून आपला काट्याचा मीटर काढला, त्यात नवा सेल घातला आणि मला हाक मारली. त्यांना खाली वाकता येत नाही. म्हणून हात माझे आणि सांगणे त्यांचे, असे काम झाले. मी शाळेत विज्ञान शिकवते; ओहमचा नियम फळ्यावर कितीदा लिहिला असेल, पण गाडीच्या दारात तो पहिल्यांदा भेटला.

पहिली गोष्ट अब्बांनी करायला लावली ती फुकटची. टेपमध्ये बॅलन्स आणि फेडर असतात: आवाज डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे वाटायची सोय. गाडीत मुले बसली की ही बटणे हमखास फिरतात. आम्ही दोन्ही मधोमध आणले. मग आवाज पूर्ण डावीकडे आणि पुढे ढकलला. गाडीत शांतता. म्हणजे पुढचा डावा खरोखरच मुका.

आता तीन संशयित: टेप, तार आणि स्पीकर. दुकानातल्या मुलाने तिसऱ्याला थेट फाशी दिली होती. टेप बाहेर ओढून मागची जोडणी पाहिली. बाजारातल्या बहुतेक टेपना तारांचे रंग ठरलेले असतात. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. प्रत्येक जोडीत जिच्यावर काळी रेघ ती वजा. टेप बंद करून आम्ही पांढरी आणि करडी जोडी एकमेकींच्या जागी लावली आणि पुन्हा सुरू केला. दोष टेपमध्ये असता तर आता उजवा स्पीकर मुका झाला असता आणि डावा बोलू लागला असता. तसे झाले नाही. उजवा पूर्वीसारखाच वाजत होता, डावा पूर्वीसारखाच गप्प. टेप सुटला. नव्या स्क्रीनचे पैसे इथेच वाचले.

तारा बदलताना अब्बांनी एक गोष्ट तीनदा बजावली. स्पीकरची वजा तार गाडीच्या पत्र्याला लावायची नाही. दिव्यांची वजा बाजू पत्र्याला जोडलेली असते, म्हणून पुष्कळ जण स्पीकरचीही तशीच जोडतात. पण आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर टेपचा जोर असतो. एक जरी पत्र्याला टेकली तरी आतली आयसी जळू शकते. उघडी टोके चिकटपट्टीने गुंडाळूनच टेप सुरू करायचा. दुकानात असे जळालेले कितीतरी टेप येत आणि प्रत्येक मालक शपथेवर सांगे की आपण काहीच केले नाही.

मग टेप बंद करून, तारा सुट्या करून मीटर. आधी मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून काटा शून्यावर आणला. करड्या जोडीला लावला: काटा चारच्या जरा पुढे येऊन थांबला. गाडीच्या स्पीकरवर चार ओहम लिहिलेले असते. मीटरवर कॉइल साधारण साडेतीन दाखवते, बाकीचे तारेचे. पांढऱ्या जोडीला लावला, तर काटा जागचा हलला नाही. म्हणजे टेपपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी रस्ताच तुटलेला. वाटेत की अगदी शेवटी, स्पीकरच्या कॉइलमध्ये, हे मात्र दार उघडल्याशिवाय कळणार नव्हते.

दाराचे पॅड काढणे हे काम घाबरवणारे वाटते, पण त्यात चार-पाच स्क्रू आणि पॅडच्या कडेने प्लॅस्टिकच्या क्लिपा एवढेच असते. हँडलमागचा एक स्क्रू नेहमी लपलेला असतो. तो न काढता ओढले की पॅड तुटते. क्लिपा जुन्या होऊन ठिसूळ झालेल्या, दोन तुटल्याच. स्पीकर सुटा करून अब्बांच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवला. त्याच्या लोखंडी सांगाड्याला गंज होता, कागदाच्या कोनावर पाण्याचे पिवळे वर्तुळ होते. बघणाऱ्याने तो मेलेलाच म्हटला असता.

अब्बांनी कोनावर दोन्ही बाजूंनी बोटे ठेवून तो हलकेच सरळ आत दाबला. आत काही घासले नाही. घासले असते तर कॉइल वाकडी झाली किंवा लोहचुंबकाच्या फटीत गंज साचला, असे समजायचे. मग टोकांना मीटर: काटा साडेतीनवर. मग त्यांनी घड्याळात घालतो तसला दीड व्होल्टचा सेल मागितला आणि दोन तारांनी क्षणभर टेकवायला सांगितला. क्षणभरच, जास्त वेळ धरून ठेवायचा नाही. मी टेकवला. 'टक्' झाले.

अब्बा माझ्याकडे पाहत होते. "झालं?"

"झालं की, अब्बा."

त्यांनी मला पुन्हा टेकवायला सांगितले. पुन्हा 'टक्' झाले. अंगणात तेव्हा तसा काही आवाज नव्हता. त्यांनी तर्जनी कोनाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाले, "आता." मी सेल टेकवला, कोन त्यांच्या बोटाखाली बाहेर उचलला गेला. "हं, जिवंत आहे," ते म्हणाले. पुढे बराच वेळ बोट तिथून उचलले नाही. मीही काही बोलले नाही. हजारो स्पीकर ज्याने या एका आवाजावर पास-नापास केले, त्याला तो हातभर अंतरावरून आला नव्हता.

स्पीकर जिवंत, टेप जिवंत. उरली तार. दार आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये, बिजागरीजवळ एक रबराची नळी असते, हत्तीच्या सोंडेसारखी वळ्यावळ्यांची. दाराच्या सगळ्या तारा तीतून जातात. दार जितक्या वेळा उघडते, तितक्या वेळा त्या तारा तिथे वाकतात. सोळा-सतरा वर्षांत किती वेळा, याचा हिशेब कुणी करावा. स्पीकर पुन्हा जोडून अब्बांनी मीटर आपल्याकडे घेतला, टोके पांढऱ्या जोडीला लावली आणि मला दार सावकाश उघड-बंद करायला सांगितले. दार अर्धे मिटत आले तेव्हा काटा एकदम उडून चारवर गेला. आणखी मिटले, पुन्हा खाली. "तिथंच. थांब, थांब, तिथंच!" त्यांचा आवाज दुकानातल्या दिवसांसारखा लागला. अंकांच्या मीटरवर ही उडी नीट दिसत नाही, आकडे नुसते गोंधळतात. काटा मात्र डोळ्यांना सगळे सांगतो. रबर मागे सरकवून पाहिले तर तारेचे वरचे वेष्टण अखंड होते. आतले तांबे तुटलेले. तुटल्या जागी हिरवट भुकटी. इथे समुद्र जवळ, पलीकडे मिठागरे. वसईच्या हवेत उघडे तांबे फार दिवस लाल राहत नाही.

तार बाजारातून आणली, बारीक पुष्कळ धाग्यांची, कारण जाड धाग्याची तार वाकून लवकर तुटते. नळीतून ओवताना दार पूर्ण उघडल्यावरही ती ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवली. सांधा नळीच्या आत ठेवला नाही, अलीकडे गाडीच्या अंगात घेतला आणि सोल्डर मारला. सोल्डर मी मारला, दोनदा. पहिला अब्बांनी नापास केला. एकूण खर्च शंभर रुपयांच्या आत.

पण त्यांचे समाधान झाले नव्हते. तार तुटली हे कळले, स्पीकरवर पाणी कुठून आले हे कळले नव्हते. गाडीच्या दारात पाणी शिरते, हे मला तोवर माहीत नव्हते. काचेला लागून जी रबरी पट्टी असते ती सगळे पाणी अडवत नाही, आणि तिने अडवावे अशी अपेक्षाही नसते. पाऊस काचेवरून दाराच्या पोटात उतरतो आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतो. पोट आणि पॅड यांच्यामध्ये काळ्या गोंदाने प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही. आमच्या दाराला तो कागद अर्धाच होता. काही वर्षांपूर्वी काच अडकत होती म्हणून एका गॅरेजवाल्याने हे दार उघडले होते. कागद फाडून तसाच सोडला आणि वर पॅड ठोकून दिले. त्यानंतरचे सगळे पावसाळे स्पीकरने पाठीवर घेतले. तळाची भोकेही चिखलाने बंद होती. पेचकसाने साफ केली तर वाटीभर काळे पाणी सांडले.

मे महिन्यात घराघरांवर अंथरायला आपण जे जाड प्लॅस्टिक आणतो, त्याचा तुकडा घरात होताच. तो कापून चिकटवला. खालची कड दाराच्या पोटात वळवली, म्हणजे ओघळणारे पाणी आतच पडेल. स्पीकरच्या मागे वरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या डब्याचा तुकडा वळचणीसारखा बसवला. ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत आणि ज्यांनी कधी काच दुरुस्त करून घेतली आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी दाराच्या तळाची भोके तरी तपासावीत. त्याला पैसे पडत नाहीत.

संध्याकाळी टेप लावला. डावा वाजू लागला, अम्मीने मागे बसून हुश्श केले. अब्बा नेहमीच्या जागी बसले होते. स्पीकर त्यांच्या गुडघ्याजवळ बोलत होता. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, "आवाज आहे, शब्द नाहीत."

मगरिबनंतर जेवताना त्यांनी विचारले, "कानाला लावायचा मीटर असतो का गं?"

वांद्र्याला रेक्लमेशनवर अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण संस्था आहे, 1983 साली स्थापन झालेली. नवाब अली यावर जंग हे अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. त्यांच्या नावाची संस्था म्हटल्यावर अब्बांचा अर्धा विरोध गळाला. उरलेला अर्धा तपासणीच्या खोलीत गळाला. आवाजबंद खोलीत त्यांना बसवून आधी कानावर हेडफोन लावले. जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत, 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत, एकेक स्वर हळू हळू करत नेला. ऐकू आला की बटण दाबायचे. त्यानंतर हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक लहानसा थरथरणारा ठोकळा लावला आणि तेच स्वर पुन्हा. मी बाहेर विचारले की हे दुसऱ्यांदा कशाला. तपासणाऱ्या मुलीने समजावले, हेडफोनचा आवाज कानाच्या नळीतून, पडद्यावरून, मग आतल्या शंखापर्यंत जातो. हाडावरचा ठोकळा ती वाट टाळून आवाज थेट शंखाला देतो. हाडावरून चांगले ऐकू आले आणि हेडफोनवरून नाही, तर दोष वाटेत. दोन्हीकडून सारखेच कमी, तर दोष आत.

हे अब्बांना सांगितले तेव्हा ते हसले. "म्हणजे मधल्या पिनला बोट लावलं."

निकाल दोन निघाले. डाव्या कानात वाटेचाही दोष होता: मळाचा घट्ट बोळा, जो डॉक्टरांनी त्याच दिवशी काढला. दोन्ही कानांत आतलाही होता, वयाचा. आलेखाची रेघ जाड सुरांशी बऱ्यापैकी वर आणि बारीक सुरांकडे जाताना उतारावरून उतरत गेलेली. 'स', 'श', 'फ' यांचा आवाज त्या उताराच्या टोकाला असतो. म्हणून बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. अम्मीने भाजीचे साठ रुपये मागितले की अब्बा आठ देत आणि मग दोघांचे भांडण होई, त्याचा उलगडा तिथे झाला. आवाज वाढवून यात फरक पडत नाही, जाड सूरच आणखी मोठे होतात. अब्बांनी आलेख हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "ट्वीटर गेलाय," ते म्हणाले. "वूफर ठीक आहे."

बोळा निघाल्यावर डावा कान सुधारला, यंत्राची गरज मात्र राहिली. ते आता दोन्ही कानांना आहे. पहिले काही आठवडे त्यांना भांड्यांचा, पंख्याचा, चपलांचा आवाज नकोसा होई आणि यंत्र उशीखाली ठेवले जाई. संस्थेने ते दोनदा जुळवून दिले. रोज थोडा थोडा वेळ वाढवा, असे सांगितले होते, तसे केले. आता सकाळी चहाच्या आधी घालतात.

मागच्या आठवड्यात सोपाऱ्याहून परतताना त्यांनी टेप बंद करायला लावला, माझ्या बाजूच्या दाराकडे बोट दाखवले आणि पुन्हा सुरू करायला लावला. "उजवा फाटतोय. ऐकू येत नाही तुला?" मला येत नव्हते. घरी येऊन कोन दाबून पाहिला, तर आत बारीक खरखर लागली. त्या दारालाही प्लॅस्टिकचा कागद नसावा, असे त्यांचे म्हणणे आहे. रविवारी उघडून बघणार आहोत.